सरकत्या शटरिंगचं वर्क परमिट: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

चिमणी, सायलो (धान्य किंवा सिमेंट साठवायची उंच कोठी) किंवा उंच इमारतीतला लिफ्टचा गाभा सरकत्या शटरिंगने उभा करायचा असेल, तर काँक्रीटची पहिली गाडी रिकामी होण्याआधी हातात लेखी परवाना हवा. साध्या कॉलमपेक्षा याला कागद बरेच जास्त लागतात. त्याचं कारण कामाच्या पद्धतीतच आहे.

या शटरिंगच्या दोन पद्धती आहेत. स्लिपफॉर्ममध्ये, म्हणजे सतत सरकणाऱ्या प्रकारात, साधारण १ ते १.२ मीटर उंचीचं शटरिंग हायड्रॉलिक जॅकच्या जोरावर रॉडांवरून वर सरकत राहतं, बहुतेक वेळा तासाला १५ ते ३० सेंटीमीटर. म्हणजे ओतलेलं काँक्रीट चार-सहा तासांत खालून उघडं पडतं. रॉड वाकू न देण्याचं कामही हेच कोवळं काँक्रीट करतं. जंपफॉर्ममध्ये एक टप्पा झाला की शटरिंग उचलून वर लावतात आणि त्याचा भार खालच्या टप्प्याच्या काँक्रीटमध्ये रुतवलेल्या अँकरवर (बोल्टवर) येतो. दोन्ही पद्धतींत डेकवरच्या, म्हणजे शटरिंगसोबत वर जाणाऱ्या कामाच्या फलाटावरच्या, माणसांचा जीव काही तासांच्या किंवा काही दिवसांच्या काँक्रीटवर अवलंबून असतो.

अर्ज कोणी करायचा

या कामाची जबाबदारी लेखी सोपवलेल्या इंजिनिअरने. फोरमन कितीही मुरलेला असला तरी अर्ज त्याच्या सहीने जाऊ नये. मंजुरी देणारा माणूसही वेगळा हवा. ज्याच्या डोक्यावर रोजच्या मीटरांचं टार्गेट आहे त्यानेच परमिटवर सही करणं म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासणं.

डेकवर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीत हवं, सोबत उंचीवर काम करायला योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला. चक्कर किंवा फिट येणाऱ्याला वर पाठवायचं नाही. जॅक चालवणारा त्याच बनावटीच्या यंत्रणेवर शिकलेला असावा. रात्रपाळीची यादी स्वतंत्र जोडायची. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात, कारण दिवसपाळीचीच यादी पुन्हा जोडलेली असते.

कागद

शटरिंगचं डिझाइन आणि त्याची त्रयस्थ इंजिनिअरने केलेली तपासणी. त्यात वाऱ्याचा भार आणि डेकवर एका वेळी किती सळई, किती माणसं चालतील याचा आकडा स्पष्ट हवा. तोच आकडा डेकवर पाटीवरही लावायचा. कामाची पद्धत, जॅक आणि क्रेनच्या चाचणीचे दाखले, जखमीला वरून खाली आणण्याची योजना हेही जोडायचं. काँक्रीटचा पुरवठा मध्येच तुटला तर काय करणार, तेही लिहून द्यावं लागतं. शटरिंग जागीच सोडलं तर ते काँक्रीटला चिकटतं आणि पुढच्या उचलीत काँक्रीट फाटतं. म्हणून ते सुटं होईपर्यंत थोडं थोडं उचलत राहायचं असतं.

आता मुख्य कागद: ताकदीचा पुरावा. १९७८ च्या २७ एप्रिलला अमेरिकेतल्या विलो आयलंड इथे कूलिंग टॉवरच्या कामावर ५१ कामगारांचा जीव गेला. परांची आदल्या दिवशी ओतलेल्या थरावर टांगलेली होती आणि त्या थरात पुरेशी ताकद आलेली नव्हती. म्हणून प्रयोगशाळेच्या टाकीत उबदार पाण्यात ठेवलेल्या क्यूबचा (ताकद तपासायला त्याच काँक्रीटच्या पाडलेल्या ठोकळ्याचा) रिपोर्ट इथे चालत नाही. क्यूब साईटवरच, त्याच हवेत ठेवलेले हवेत. थंड रात्री काँक्रीट उशिरा आवळतं आणि टाकीतल्या क्यूबला याचा पत्ताच नसतो. जंपफॉर्मसाठी डिझाइनमध्ये दिलेली किमान ताकद क्यूबने दाखवल्याशिवाय अँकरवर भार नाही. स्लिपफॉर्मला क्यूबची वाट पाहायला वेळच नसतो. तिथे त्या तापमानाला काँक्रीट किती वेळात आवळतं याची आधी केलेली चाचणी जोडायची आणि काम चालू असताना सळई खुपसून कडक थर किती खोलीवर लागतो याची दर तासाला नोंद ठेवायची. कडक थर खाली गेला तर वेग कमी करायचा, मग ठरलेलं वेळापत्रक काहीही सांगो.

मुदत

परमिट एका पाळीपुरतं. जंपफॉर्ममध्ये प्रत्येक उचलीला नवं. पाळी बदलताना जाणारा आणि येणारा, दोघांनी डेकवर उभं राहून लेव्हल, ओळंबा, रेलिंग आणि खालचा लटकता प्लॅटफॉर्म पाहून सही करायची. ऑफिसमध्ये बसून केलेली सही धरू नये. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला किंवा वीज कडाडू लागली की परमिट आपोआप थांबतं आणि पुन्हा सुरू करायला नव्याने तपासणी लागते. खाली घातलेला घेरा, म्हणजे जिथे कोणी फिरकायचं नाही ती जागा, नकाशावर दाखवून अर्जाला जोडावी.

वरचं टोक गाठल्यावर शटरिंग उतरवण्याचं काम या परमिटमध्ये येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.