हवामानबदल-अनुकूलन : सामाजिक व नैसर्गिक विज्ञानांचा समन्वय

हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे उपाय ठरविताना हवामानशास्त्र, जलविज्ञान, परिस्थितिविज्ञान यांचे निष्कर्ष भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मानवशास्त्र यांच्या निष्कर्षांशी सांधण्याची अभ्यासपद्धती.

तिच्या उगमाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सी. एस. हॉलिंग या परिस्थितिवैज्ञानिकाच्या १९७३ मधील लवचिकतेच्या संकल्पनेत मानतात : धक्के पचवूनही आपली घडण टिकविण्याची परिसंस्थेची क्षमता. इतर काही जण गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलज्ञाच्या पूरविषयक प्रबंधाकडे (१९४२, प्रसिद्धी १९४५) बोट दाखवितात. व्हाइट यांचा मुद्दा असा : नदीला बांध घातला की पूरमैदान सुरक्षित वाटू लागते, तेथे वस्ती वाढते आणि बांधाला न जुमानणारा पूर आला की हानी उलट जास्त होते. म्हणजे हानीचा हिशेब केवळ पाण्याच्या पातळीवरून मांडता येत नाही. हवामानबदल हा व्हाइट यांचा विषय नव्हता. तरीही हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते, कारण हॉलिंग यांचा भर परिसंस्थांवर होता व समाजाला ती संकल्पना पुढे लावली गेली.

खरा वाद ‘भेद्यता’ (हानी पोहोचण्याची शक्यता) कशी मोजावी याचा आहे. आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात आपत्तीला सामोरे असणे, संवेदनशीलता आणि अनुकूलनक्षमता या तिन्हींचा भेद्यतेत समावेश होता. साहजिकच ती हवामान-प्रतिमानांच्या (हवामानाच्या संगणकीय नमुन्यांच्या) गणिताअखेर हाती येई. २०१२ चा विशेष अहवाल व २०१४ चा अहवाल यांत धोका, सामोरे असणे व भेद्यता हे घटक वेगळे काढून त्यांच्या संयोगाला जोखीम म्हटले गेले. त्यामुळे दारिद्र्य, एकाकीपण, जमिनीवरचा हक्क अशा आधीपासूनच्या स्थितीला स्वतंत्र स्थान मिळाले. सामाजिक वैज्ञानिकांचा आग्रह बराच आधीपासून हाच होता.

याचे एक उदाहरण : जुलै १९९५ मध्ये शिकागोत आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. एकटे राहणारे व अंथरुणाला खिळलेले यांना धोका जास्त होता, असे नंतरच्या पाहणीत आढळले. गरिबी सारखी असलेल्या शेजारच्या वस्त्यांतही मृत्यूंचे प्रमाण बरेच वेगळे होते. तापमापकाच्या नोंदींवरून हा फरक उलगडत नाही.

मापनश्रेणीची अडचण मात्र कायम आहे. जागतिक प्रतिमानांचे चौकोन साधारण शंभर किमी. रुंदीचे असतात, तर घराघरांतील पाहणी एखाद्या वस्तीपुरती असते. अंदाज सूक्ष्म पातळीवर उतरविण्याच्या सांख्यिकीय पद्धती आहेत. पण त्यांनी मूळ प्रतिमानातील अनिश्चितता कमी होत नाही. संस्थात्मक पातळीवर नैसर्गिक व सामाजिक विज्ञानांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा (संघटना) २०१८ मध्ये विलीन होऊन एक झाल्या.