पोटातल्या पाण्याची तपासणी कशासाठी? अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी माहिती

डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढून तपासायला दिलं की बरोबरच्या माणसांना वाटतं, आजार तर गाठीत आहे, मग पाणी तपासून काय मिळणार? अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आजार पुढे सरकतो तो या पाण्यातूनच. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांतून आमच्या लॅबमध्ये असे नमुने नेहमी येतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

हा कॅन्सर मुख्यतः पोटातल्या पोटात पसरतो. (त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, असं आता मानलं जातं.) पेशी मूळ गाठीवरून सुटतात आणि पोटाच्या पोकळीत तरंगू लागतात. अस्तरातली निरोगी पेशी अशी जागेवरून सुटली की आपोआप मरते. शरीराचीच तशी व्यवस्था आहे. कॅन्सरच्या पेशी ती चुकवतात. त्या एकमेकींना धरून गोळे करतात आणि त्या आधारावर जगतात.

हे गोळे आम्हाला प्रत्यक्ष दिसतात. पाणी मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेला साका काचेवर घेतला आणि रंग दिला, की मोठ्या, गडद केंद्रकांच्या पेशींचे झुबके मायक्रोस्कोपखाली उठून दिसतात. काहींमध्ये थरावर थर चढलेले कॅल्शियमचे बारीक खडेही असतात.

गोळ्याच्या आतल्या भागात प्राणवायू आणि अन्न कमी पोहोचतं. तिथल्या पेशी वाढ जवळजवळ थांबवून दबा धरून बसतात. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर जास्त चालतात, त्यामुळे या मंद पेशी वाचू शकतात. ऊस तोडून नेला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो, तसा हा आजार उलटतो. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: दोन-तीन केमोनंतर पोट उतरलं, जेवण जाऊ लागलं, तरी पुढचे डोस आणि ठरलेलं ऑपरेशन सोडू नका.

पोटातला द्रव श्वासाच्या हालचालीने उजव्या बाजूने वर, यकृताच्या माथ्यावरच्या पडद्यापर्यंत जातो. पेशीही तिथवर पोहोचतात आणि द्रव शोषून घेणाऱ्या वाटा तुंबवतात. शिवाय त्यांच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाणी पुन्हा पुन्हा भरतं ते यामुळे. पाणी किंवा मीठ जास्त घेतल्याने नव्हे. आजारी बाईला यावरून घरात कुणी बोल लावू नये.

आतड्यांवर चरबीची एक झालर असते. या पेशींना ती फार मानवते. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की तिथल्या चरबीच्या पेशी कॅन्सरच्या पेशींना स्निग्धाम्लं पुरवतात आणि त्या इंधनावर गाठी वाढतात. ऑपरेशनमध्ये सर्जन ही झालर काढतात, ती त्यासाठीच.

सीए-125 ही रक्ततपासणी आमच्याकडे सर्वाधिक घाबरवते. ती ज्या प्रथिनाची असते, ते या पेशींच्या अंगावर असतं आणि पोटाच्या अस्तराला चिकटायला त्यांना मदत करतं. रक्तात ते साधारण 35 युनिटपर्यंत असलं तर चालतं. पण पोटाचा टीबी, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), यकृताचे विकार, इतकंच काय पाळी आणि गरोदरपणातही ते वाढतं. आपल्याकडे टीबीचं प्रमाण पाहता, पोटात पाणी आणि वाढलेला आकडा म्हणजे कॅन्सरच, असं धरून रडत घरी जाऊ नका. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये आकडा नॉर्मलही येऊ शकतो. त्रास नसताना 'एकदा करून टाका' म्हणून ही तपासणी आम्ही सुचवत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. तिचा 2021 चा निष्कर्ष असा, की अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. उपचार चालू असताना मात्र आकडा चढतो की उतरतो, हे फार उपयोगी पडतं. त्यासाठी दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, मग ती आमची नसली तरी हरकत नाही.

पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं: ही लक्षणं नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकली, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करा.

हळदीबद्दल आपल्या सांगलीत विचारलं जाणारच. जेवणातली हळद खुशाल खा. हळदीच्या कॅप्सूल किंवा काढे केमोबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि केमोऐवजी तर मुळीच नको.

नमुना आणताना: शक्यतो 100 मिली पाणी दवाखान्यातून मिळालेल्या स्वच्छ, कोरड्या डब्यातच आणा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत नको. फॉर्मालिन (नमुना टिकवायचं रसायन) घालू नका. जत, आटपाडीकडून यायला उशीर होणार असेल तर नमुना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. डब्यावर नाव आणि वेळ लिहा. सोबत सोनोग्राफी किंवा सीटीचा रिपोर्ट आणि आधीचे सीए-125 चे आकडे आणा. टीबीची तपासणीही सांगितली असेल तर काउंटरवर आधीच सांगा, म्हणजे त्यासाठीचं पाणी आम्ही वेगळं काढून ठेवतो.