उत्कंठा : थरारदृश्यातील कॅमेरा व ध्वनी (कोकण किनारा)

काहीतरी वाईट घडणार हे प्रेक्षकाला कळलेले असते, पण कधी आणि कुठून हे कळलेले नसते. या मधल्या वेळातला ताण म्हणजे थरारदृश्यातील उत्कंठा. धक्का वेगळा आणि उत्कंठा वेगळी. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो यांना दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने सांगितला : बॉम्ब नुसताच फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, तो आधीच दाखवला, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. माहिती प्रेक्षकाकडे असते, पात्राकडे नसते. ही माहिती किती, केव्हा आणि डोळ्यांतून द्यायची की कानांतून, हे कॅमेरा आणि ध्वनी मिळून ठरवतात.

कोकण किनाऱ्यावर नजर फार लांब पोहोचत नाही. आगर म्हणजे नारळ-पोफळीच्या बागा, गडगे म्हणजे दगडी कुंपणे, वळणाच्या पाणंदी आणि अंधारी माजघरे तिला अडवतात. आवाज मात्र दुरून येतो. दिसणे आणि ऐकू येणे यांतले हे अंतर थरारदृश्याला आयतेच मिळते.

भरतीचे दृश्य घेऊन हे तपासता येते. खाडीच्या मुखाशी, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर एक जण खडकाला चिकटलेली कालवे (शिंपले) काढत बसला आहे. पहिला शॉट कड्यावरून, लांबून : खडक, किनारा आणि दोहोंना जोडणारा वाळूचा पट्टा. या शॉटमध्ये कशावरही भर द्यायचा नाही. पट्टा प्रेक्षकाच्या लक्षात राहिला की पुरे. मग कॅमेरा त्याच्या हातांपाशी येतो आणि तिथेच थांबतो. पाणी चौकटीबाहेर गेले. आता काम ध्वनीचे. आधी लाटांची दूरची, सलग घरघर. मग खडकांच्या फटींत पाणी शिरल्याची गुळगुळ, आधी समोरून, नंतर बाजूने, आणि चित्रपटगृहात मागच्या स्पीकरमधून, म्हणजे प्रेक्षकाच्या पाठीशी. माणूस अजून मान वर करत नाही. पुन्हा लांबचा शॉट कधी दाखवायचा, हा इथला कळीचा निर्णय आहे. तो वारंवार दाखवला तर प्रेक्षक पाणी मोजू लागतो आणि भीती हिशेबात विरते. एकदाच, उशिरा दाखवला आणि त्यात वाळूचा पट्टा दिसलाच नाही, तर तो शॉट पुरेसा असतो; संगीताची गरज उरत नाही.

मात्र किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला हे दृश्य पटायला हवे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, इथल्या माणसाला तिथीवरून कळतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून खडकावरचा माणूस पाहुणा असावा लागतो, किंवा त्याचा पाय फटीत अडकलेला असावा लागतो. पटकथेने हे कारण दिले नाही, तर कॅमेऱ्याची सगळी मेहनत वाया जाते.

पाणंदीत काम भिंगाचे असते. रुंद कोनाच्या भिंगातून दोन गडग्यांमधली वाट आहे त्याहून लांब दिसते आणि घर दूर पळते. लांब पल्ल्याच्या भिंगाने अंतर दबते : मागून येणारा अगदी पाठीशी असल्यासारखा दिसतो, धावत राहतो, पण जवळ येत नाही. माजघरात याहून साधी युक्ती चालते. पात्र कंदील घेऊन निघून जाते, कॅमेरा मात्र रिकाम्या दारावर थांबतो. शॉट जितका लांबतो तितका प्रेक्षक अंधारात काहीतरी शोधू लागतो.

शांततेचेही तसेच आहे. ध्वनिपट्टी एकदम कोरी केली की प्रेक्षकाला यंत्र बिघडल्याचा भास होतो. खरी शांतता ऐकवायची तर आधी आवाज हवा. आगरात रातकिडे सतत किरकिरतात आणि कोणी जवळ आले की तेवढ्या भागातले गप्प होतात. एका बाजूची किरकिर थांबवली की तिथे कोणीतरी उभे आहे हे कळते. कोण, ते दाखवावे लागत नाही.

पावसाचा वापर मराठी मालिका-चित्रपटांत बहुधा ढोबळ होतो : वीज, गडगडाट आणि वर कर्कश संगीत. ही फार मोठी संधी वाया जाते. कौलांवरचा, पत्र्यावरचा आणि पोफळीच्या झावळ्यांवरचा पाऊस वेगवेगळा वाजतो. डोळे मिटूनही माणूस पडवीत आहे की खळ्यात (अंगणात), हे सांगता येते. पागोळ्या एका लयीत दगडावर पडत असतात. कोणी खालून गेले की ती लय क्षणभर मोडते. पावलांचा आवाज पावसात बुडाला, तरी चाहूल लागते ती अशी. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाने खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहत अनेक वर्षे चित्रीकरण केले. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातल्या त्या ढगाळ, सावल्या नसलेल्या उजेडात उघडे माळही कोंडल्यासारखे वाटतात.

ध्वनीने धोका आधी पोहोचवण्याची रीत बोलपटाच्या सुरुवातीपासूनची. फ्रिट्झ लँग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात खुन्याची ओळख त्याच्या शिट्टीवरून पटते, आणि ती पटते एका आंधळ्या फुगेवाल्याला. तळकोकणातल्या प्रेक्षकाच्या कानांना याची सवय दशावतारानेही लावली आहे. जत्रेतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात मृदंग आणि झांजेची चाल बदलली की राक्षसाचा प्रवेश जवळ आला हे पोरांनाही समजते, आणि ती आईच्या पदराआड सरकतात.

प्रत्यक्ष चित्रीकरणात किनारा त्रास देतो. वारा मायक्रोफोनवर आदळतो, समुद्राची घरघर संवादांखाली राहते आणि भरती-ओहोटीबरोबर तिची पातळी बदलते. सकाळी आणि दुपारी घेतलेले शॉट जोडले की आवाजात उडी ऐकू येते, चित्रात ओल्या वाळूची रेघ सरकलेली दिसते. त्यामुळे संवाद नंतर डबिंगमध्ये घेतले तरी त्या जागेचा नुसता वातावरणध्वनी त्याच दिवशी, ओहोटीचा आणि भरतीचा वेगळा, काही मिनिटे ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागतो. संकलनात सगळे शॉट मग त्यावर बसवले जातात.