तेव्हा रंग नव्हते म्हणून?

जुन्या भयपटाचा एखादा फोटो फॉरवर्ड होतो आणि खाली ओळ असते: ‘त्या काळी रंगीत फिल्मच नव्हती, म्हणून सगळं काळं-पांढरं.’ पटण्यासारखं आहे, पण तसं नाही.

१९४५ चा ‘आइल ऑफ द डेड’ घ्या. तो सुचला एका चित्रावरून: काळीभोर सुरूची झाडं, उभे कडे, होडीत पाठमोरी पांढरी आकृती. मूळ चित्र रंगीत, सिनेमा मात्र कृष्णधवल. पण तो काढणाऱ्या कंपनीनेच त्याच वर्षी ‘द स्पॅनिश मेन’ हा समुद्री चाच्यांचा रंगीत चित्रपट पडद्यावर आणला होता. १९४३ चा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ तर भयपट असून रंगीत. आपल्याकडेही ‘किसान कन्या’ हा रंगीत चित्रपट १९३७ चा.

अडचण पैशांची होती. तेव्हाच्या रंगीत कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह फिरत, आणि सेटवर दिव्यांचा नुसता भडिमार लागे. कमी बजेटच्या भयपटाला हे कुठून झेपणार? शिवाय सावलीतच अर्धी भीती दडलेली. माझ्या मते हा तोटा त्यांच्या पथ्यावरच पडला.

पडताळायचं असेल तर सिनेमाचं साल बघा आणि त्याच सालचे रंगीत चित्रपट शोधा. दोन मिनिटांचं काम.

जाता जाता: त्या चित्राच्या चित्रकाराने पाच आवृत्त्या रंगवल्या. चौथी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. तिचा उरलाय तो फक्त फोटो, तोही कृष्णधवल.