टरफलातून बेतलेलं कायटोसान

कोळंबी सोलली की टरफलं केरात जातात. पुढच्या वेळी त्यातली चार-पाच वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकून बघा. त्यांच्यावर बारीक बुडबुडे धरतात आणि रात्रभरात टरफल इतकं लवचीक होतं की बोटाभोवती गुंडाळता येतं. विरघळून गेलं ते कॅल्शियम कार्बोनेट. मागे उरली प्रथिनं आणि कायटिन, म्हणजे टरफलाला बळकटी देणारा पदार्थ. या कायटिनपासून कायटोसान हा जखमेच्या पट्ट्यांत वापरला जाणारा पदार्थ तयार करायची एक पायरी हीच, फक्त कारखान्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात.

मग सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची. इथे हयगय चालत नाही. कोळंबीची ॲलर्जी येते ती प्रथिनांमुळे, आणि हा माल माणसाच्या जखमेवर जायचा असतो.

उरलेलं कायटिन पाण्यातही विरघळत नाही, सौम्य आम्लातही नाही. १८५९ मध्ये शार्ल रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते तीव्र अल्कलीत उकळलं, तेव्हा कुठे ते आम्लात विरघळू लागलं. कायटिन ही शर्करेच्या मण्यांची लांब माळ. बहुतेक मण्यांवर ॲसिटिल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा पुंजका, बसलेला. ४०-५० टक्के कॉस्टिक सोड्यात तापवलं की हे गट गळतात आणि अमिनो गट उघडे पडतात. साधारण निम्म्याहून जास्त गळले की झालं कायटोसान. त्याची पूड १ टक्का ॲसेटिक आम्लात ढवळली की पेजेसारखं दाट, चिकट द्रावण होतं, कारण आम्लात अमिनो गटांवर धन प्रभार येतो. रक्तपेशींचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा, म्हणून त्या कायटोसानला चिकटतात आणि रक्तस्राव थांबतो. अशा पट्ट्या अमेरिकी सैनिकांनी इराक-अफगाणिस्तानात वापरल्या.

खरं कसब आहे ते किती ॲसिटिल गट राखायचे यात. आपल्या अश्रूंत, लाळेत असणारं लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) माळ तोडतं, पण ते पकडतं ॲसिटिल असलेले मणी. पेशी वाढवायचा सांगाडा लवकर विरायला हवा असेल तर गट जास्त ठेवायचे; टिकायला हवा असेल तर जवळजवळ सगळे काढायचे. मात्र सोड्यात फार वेळ ठेवलं तर माळच तुटते आणि जेल लेचंपेचं होतं. म्हणून काही जण थोडा वेळ तापवून, धुऊन, पुन्हा तापवतात.

रक्ताचा सामू (pH) ७.४; तिथे साधं कायटोसान साका होऊन बसतं. त्यावर कार्बोक्सिमिथिल गट जोडून ते विरघळतं करता येतं. मला जास्त मोह पडतो तो ग्लिसरोफॉस्फेट नावाचा क्षार मिसळलेल्या द्रावणाचा: थंड असताना सुईतून वाहणारं, ३७ अंशांच्या शरीरात शिरलं की थिजणारं.

त्यामुळे नुसतं ‘कायटोसान वापरलं’ एवढंच लिहिलेलं वाचलं की मी अडखळते. ‘तांदूळ शिजवला’ म्हटल्यावर आंबेमोहोर की उकडा, हे विचारावंच लागतं.