व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यांतील ब्रँड-स्पर्धा

वृत्तपत्रे, क्रीडा, वन्यजीवन, जाहिरात आणि विवाहसोहळे या क्षेत्रांत पोटापाण्यासाठी छायाचित्रे काढणाऱ्यांना कॅमेरे, लेन्स आणि दुरुस्तीची सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांमधील चढाओढीचा येथे विचार केला आहे. डिजिटल काळात ही चढाओढ प्रामुख्याने कॅनन, निकॉन आणि सोनी या तीन जपानी कंपन्यांमध्ये झाली. तिची चर्चा बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यांभोवती फिरते, पण बाजाराची सत्ता ज्या ज्या वेळी एका हातून दुसऱ्या हाती गेली, त्या प्रत्येक वेळी निर्णायक ठरल्या त्या दोनच गोष्टी: सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, आणि माउंट.

माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे. लेन्स त्यात बसवून थोडी फिरवली की ‘टक्’ असा आवाज होऊन ती अडकते. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कड्यात बसत नाही. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, तर चांगली लेन्स वीस वर्षेही चालते, आणि छायाचित्रकाराचे बहुतेक भांडवल लेन्समध्येच गुंतलेले असते. शिवाय सवय हातातच मुरते. समोरून पाहता कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बसवतात, तर निकॉनची उलट दिशेने. फोकसची कडीही दोन्हींकडे विरुद्ध दिशांना फिरते. म्हणून ब्रँड बदलणाऱ्याला पैशांचा फटका बसतोच, आणि पुढचे काही महिने त्याची बोटेही चुकत राहतात.

या दोन कंपन्यांचे नाते जुने आहे. १९३० च्या दशकात बाजारात आलेल्या कॅननच्या पहिल्या कॅमेऱ्यावर निकॉनची पूर्वज असलेल्या निप्पॉन कोगाकू कंपनीची निक्कोर लेन्स होती. १९५९ मध्ये निकॉनने ‘एफ’ माउंट आणले आणि जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांना आपलेसे केले. पुढे ऑटोफोकस आले, तेव्हा निकॉनने जुन्या ग्राहकांच्या लेन्स वाया जाऊ नयेत म्हणून तेच माउंट राखले आणि फोकसची मोटर बॉडीत ठेवून ती एका लहान दांड्याने लेन्सला जोडली. कॅननने १९८७ मध्ये आपले एफडी माउंट सोडून दिले आणि यांत्रिक जोडणीऐवजी केवळ विजेचे संकेत वापरणारे ईएफ माउंट स्वीकारले. जुने ग्राहक दुखावले, पण मोटर लेन्समध्येच असल्याने दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या मोठ्या टेलिफोटो लेन्स झटपट आणि आवाज न करता फोकस होऊ लागल्या. मैदानाच्या कडेला दिसणारी कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग त्या निर्णयातून उभी राहिली. निकॉनचा निर्णय ग्राहकांशी अधिक प्रामाणिक होता, तरी क्रीडाक्षेत्रात त्याची किंमत तिला मोजावी लागली.

डिजिटल पर्वाची सुरुवात या दोघांपैकी कोणीच केली नाही. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ-३ बॉडीवर सेन्सर चढवून १३ लाख पिक्सेलचा डीसीएस कॅमेरा विक्रीस आणला. त्याची चित्रे साठवणारा डबा वेगळा असे आणि तो खांद्याला अडकवून फिरावे लागे. १९९९ मध्ये निकॉनने सर्वस्वी स्वतः रचलेला डी१ हा कॅमेरा आणला. त्याचे २७ लाख पिक्सेल वृत्तपत्राच्या पानाला पुरेसे होते आणि कोडॅकच्या मानाने त्याची किंमत बरीच कमी होती, त्यामुळे अनेक वृत्तपत्रांना फिल्म धुण्याची अंधारी खोली बंद करणे शक्य झाले. कॅननने स्वतःच्या कारखान्यात सीमॉस जातीचे सेन्सर बनवण्यावर भर दिला आणि २००२ मध्ये ३६ × २४ मिलिमीटरच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, १ कोटी १० लाख पिक्सेलचा ईओएस-१डीएस आणला. निकॉनला अशा, म्हणजे ‘फुल फ्रेम’ सेन्सरपर्यंत यायला २००७ उजाडले. मात्र त्या वर्षीच्या डी३ ने अंधुक प्रकाशात इतकी स्वच्छ चित्रे दिली, की बंदिस्त क्रीडागृहांत काम करणाऱ्या कित्येकांनी कॅनन सोडले. २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ मध्ये फुल एचडी चलच्चित्रणाची सोय आली आणि छायाचित्रकाराकडे व्हिडिओचेही काम मागितले जाऊ लागले.

तिसरा स्पर्धक बाजूच्या दाराने आत आला. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा व्यवसाय गुंडाळला, तेव्हा तिची एसएलआर, म्हणजे लेन्समधले दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या कॅमेऱ्यांची, मालमत्ता सोनीकडे गेली. सोनी सेन्सरची बडी उत्पादक होती. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतही सोनीने बनवलेले सेन्सर असत. २०१३ मध्ये तिने अल्फा ७ हा फुल फ्रेमचा मिररलेस, म्हणजे असा आरसा नसलेला, कॅमेरा काढला. आरसा नसल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटरवर आले. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर होते. या मोकळ्या जागेत अडॅप्टर, म्हणजे मधले जोडकडे, बसू लागला आणि कॅननची लेन्स सोनीच्या बॉडीवर लावता येऊ लागली. ब्रँड बदलण्यातला सर्वांत मोठा अडसर येथे ढिला झाला. या गोष्टीला स्पर्धेच्या इतिहासात मिळायला हवे तितके महत्त्व दिले जात नाही. २०१७ च्या अल्फा ९ ने सेकंदाला २० चित्रे, तीही निःशब्द आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) काळा न पडता टिपून दाखवली. जुलै २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या जगभरच्या छायाचित्रकारांसाठी सोनीची साधने स्वीकारल्याचे जाहीर केले.

निकॉनचे झेड आणि कॅननचे आरएफ ही मिररलेस माउंटे २०१८ मध्ये आली. झेड ६, झेड ७ आणि ईओएस आर या पहिल्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्डासाठी एकच खाच होती, आणि त्यावर सर्वाधिक नाराज झाले ते लग्नांचे छायाचित्रकार. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा घेता येत नाही. कार्ड बिघडले तर दुसऱ्या कार्डावरची प्रत हाच आधार. भारतात व्यावसायिक छायाचित्रणाचा मोठा भाग लग्नसराईवर चालतो, त्यामुळे ही तक्रार येथे अगदी खरी होती. २०२० मधील ईओएस आर५, आर६, झेड ६ II आणि झेड ७ II या कॅमेऱ्यांत दोन खाचा आल्या.

पुढचा झगडा शटरचा, म्हणजे चित्र टिपण्याचा कालावधी ठरवणाऱ्या पडद्याचा होता. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरने, म्हणजे पडद्याविना केवळ सेन्सरने, टिपलेल्या चित्रात वेगाने फिरणारी बॅट वाकलेली दिसू शकते. निकॉनने २०२१ च्या झेड ९ मध्ये हे वाचन इतके जलद केले, की यांत्रिक शटर पूर्णपणे काढून टाकले. सोनीने २०२३ च्या अल्फा ९ III मध्ये अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचणारे ग्लोबल शटर दिले.

हे सारे आक्रसत्या बाजारात घडत होते. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्या आसपास होती. स्मार्टफोनने स्वस्त कॅमेऱ्यांचा बाजार गिळल्यावर कंपन्यांना महागड्या व्यावसायिक साधनांवरच विसंबावे लागले. ऑलिम्पसने आपला कॅमेरा-विभाग वेगळा करून विकला, तर फुजीफिल्मने फुल फ्रेम टाळून त्याहून मोठ्या सेन्सरची जीएफएक्स मालिका काढली.

लेन्सच्या बाबतीत कंपन्यांची धोरणे भिन्न राहिली. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली आणि सिग्मा, टॅमरॉन यांच्या परवडणाऱ्या लेन्समुळे नवोदित तिच्याकडे वळले. कॅननने आरएफ माउंट दीर्घकाळ आपल्याच मुठीत ठेवले. २०२४ मध्ये तिने सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना दिला, पण त्या वर्षी जाहीर झालेल्या त्यांच्या आरएफ लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्याच होत्या.