बेस स्टेशनांची वेळ कोण ठरवतं? कॉर्डलेस जाळ्यांतल्या सिंकची पार्श्वभूमी

जळगावच्या एमआयडीसीतला चटई कारखाना असो, धुळ्यातलं मोठं रुग्णालय असो की सावद्याकडचं केळीचं शीतगृह, कॉर्डलेस फोनचं जाळं टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न ‘रेंज कुठवर येईल’ हाच असतो. हँडसेट घेऊन कोपरान्‌कोपरा फिरायचं, काड्या पाहायच्या, नकाशावर खुणा करायच्या. एका बेस स्टेशनला (फोनशी रेडिओने बोलणाऱ्या खोक्याला) शेजारचं बेस स्टेशन ऐकू येतंय का, म्हणजे दोघांची घड्याळं जुळतील का (यालाच सिंक म्हणतात), हे शेवटी तपासलं जातं. पुष्कळदा तपासलंच जात नाही. मग शेडच्या एका टोकाकडून दुसरीकडे बोलत जाताना मधेच फोन तुटतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

घरगुती ॲनालॉग कॉर्डलेसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. एक बेस, एक फोन, संपलं. तो उभा राहिला डेक्ट या डिजिटल कॉर्डलेस मानकामुळे. एट्सी या युरोपीय मानक संस्थेने १९९२ मध्ये ते आणलं. त्यात १० मिलिसेकंदांची एक फ्रेम (पुन्हा पुन्हा येणारी वेळेची चौकट), तिच्यात २४ स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे: १२ बेसकडून फोनकडे, १२ फोनकडून बेसकडे. युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा दहा वाहक लहरी, म्हणजे बोलण्याच्या १२० वाटा. त्यांतली मोकळी वाट हँडसेट स्वतः शोधतो. त्यामुळे मोबाइल कंपन्यांना करावी लागते तशी लहरींची वाटणी इथे करावी लागत नाही.

वेळेची जुळणी मात्र करावी लागते. चालताना फोन जुनं बेस सोडण्याआधीच नव्याशी दुसऱ्या स्लॉटमध्ये जोडणी करतो, म्हणून बोलणं तुटत नाही. फोनमध्ये रेडिओ एकच. दोन्ही बेसच्या फ्रेम एकाच क्षणी सुरू झाल्या तरच त्याला दोघांकडे आळीपाळीने लक्ष देता येतं. दोन स्लॉटांमध्ये मोकळी जागा असते सुमारे ५० मायक्रोसेकंदांची. एका बेसचं घड्याळ दहा लाखांत पाच भाग पुढे आणि दुसऱ्याचं तेवढंच मागे पडत असेल, तर ही जागा पाच सेकंदांत संपते. म्हणजे चांगला क्वार्ट्झ बसवून भागत नाही, वेळ सतत कुणाकडून तरी घ्यावी लागते.

भुसावळकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला, तेव्हा दोन्ही शहरांची घड्याळं वेगळी होती. रेल्वेने मद्रासची वेळ धरली आणि ती तारायंत्रावरून पाठवली जाई.

डेक्टच्या पहिल्या पिढीतही वेळ तारेवरूनच यायची. टेलिफोन एक्स्चेंजच्या कार्डापासून प्रत्येक बेसपर्यंत तांब्याची जोडी, तिच्यातूनच आवाज, वीज आणि घड्याळ. केबल लांब असेल तर किलोमीटरमागे साधारण पाच मायक्रोसेकंदांची दिरंगाई हिशेबात धरावी लागे. बाकी सिंक हा शब्द बसवणाऱ्याच्या तोंडी क्वचितच यायचा.

भारतात याच मानकावर कॉरडेक्ट उभं राहिलं. प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या आयआयटी मद्रासमधल्या गटाने आणि मिडास कंपनीने नव्वदच्या दशकात ते गावागावांत बिनतारी टेलिफोन नेण्यासाठी बनवलं. (वेळेच्या गोष्टीत पुन्हा मद्रासच, हा निव्वळ योगायोग.) तिथे अडचण अंतराची होती. १० किलोमीटर जाऊन यायला लहरीला ६७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मोकळ्या जागेपेक्षा जास्त. कारखान्याच्या आवारासाठी आखलेली वेळेची मांडणी शिवारासाठी बदलावी लागली.

घड्याळ खरं सुटं पडलं ते बेस स्टेशन लॅनवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर, गेल्यावर. या जाळ्यातली (इथरनेटची) माहितीची पाकिटं जमेल तेव्हा पोचतात, त्यांच्यातून ठोका मिळत नाही. त्यावर निघालेला उपाय म्हणजे हवेतून सिंक: एक बेस मास्टर, बाकीची त्याचं किंवा आपल्या वरच्या बेसचं प्रक्षेपण ऐकून वेळ जुळवतात. यातून झाड तयार होतं, आणि नियोजनाची खरी मेख इथेच आहे. हँडसेट दोन बेसच्या मधोमध उभा असतो, पण बेसला बेस ऐकू यायचं तर अंतर दुप्पट. उघड्या जागेतसुद्धा त्याने सिग्नल सहा डेसिबलने उतरतो. बेस वाचवायला ते लांब-लांब लावले की फोनला सगळीकडे रेंज दिसते आणि झाडाची फांदी मात्र तुटलेली असते.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक मास्टर सर्व्हर रूममध्ये ठेवण्याची. सर्व्हर रूम बहुधा आवाराच्या एका टोकाला असते. तिथून मोजलं तर शेवटच्या बेसपर्यंत उड्या (बेसकडून बेसकडे वेळ जाण्याचे टप्पे) वाढतात आणि प्रत्येक उडीत थोडी चूक मिसळते. मास्टर मध्यभागी हवा, आणि प्रत्येक बेसला वेळ घ्यायला दुसरा शेजारीही हवा.

केळीच्या शीतगृहात आणखी एक पेच असतो. तिथल्या पफ पॅनलला (फोम भरलेल्या भिंतीच्या फळ्यांना) दोन्ही बाजूंनी लोखंडी पत्रा असतो, त्यामुळे दार लागलं की खोली रेडिओपुरती बंद. सर्वेक्षण दारं उघडी असताना केलं तर ते फसवंच निघतं. अशा ठिकाणी हवेचा नाद सोडून लॅनवरून वेळ पाठवतात. त्यासाठीचं आयईईई १५८८ हे मानक २००२ मध्ये आलं आणि २००८ मध्ये सुधारलं गेलं. दोन इमारतींमध्ये लॅन आणि इमारतीच्या आत हवा, अशी सरमिसळही चालते. फक्त त्याच स्विचवर सीसीटीव्हीची गर्दी असली की वेळेचे संदेश मागेपुढे पोचतात, म्हणून बेससाठी स्विच वेगळा मागून घ्यावा.